एआयला शिकवण्याचं कंत्राटी काम: बडोद्यातल्या अनुभवी माणसांसाठी पायरी-पायरीने

नंदेसरी, मकरपुरा, दहेज या औद्योगिक वसाहतींत उभी हयात घालवलेले इंजिनिअर, दांडिया बाजारातले सीए, विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक, सगळ्यांचा मला हल्ली एकच प्रश्न असतो: "ते एआयचं घरबसल्या काम खरं आहे की फसवणूक?" काम खरं आहे. फसवणूकही भरपूर आहे, आणि दोन्हींचे मेसेज एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. मी केमिकल इंजिनिअर आहे. दिवसा प्रोसेस सेफ्टीची कन्सल्टन्सी करतो आणि संध्याकाळनंतर हे काम. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं.

१. काम काय आहे ते आधी समजून घ्या

भाषेचं मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआयचा गाभा, आधी प्रचंड मजकुरावर तयार होतं. तेवढ्यावर ते बोलायला लागतं. पण कोणतं उत्तर खरंच बरोबर आणि कोणतं नुसतं बरोबर वाटणारं, हे त्याला माणसांकडून शिकावं लागतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२२ मध्ये इन्स्ट्रक्टजीपीटी या आपल्या मॉडेलचा शोधनिबंध काढला, तेव्हा नमुना उत्तरं लिहायला आणि मॉडेलच्या उत्तरांचा क्रम लावायला सुमारे ४० कंत्राटी माणसं होती. त्या वेळी चांगलं इंग्रजी येणारा कुणीही शिकलेला माणूस चालत असे. आता मॉडेल बारावीची गणितं चुटकीसरशी सोडवतं, त्यामुळे त्याची चूक पकडायला विषयात मुरलेला माणूस लागतो. ओपनएआयनेच मे २०२५ मध्ये हेल्थबेंच नावाची चाचणी आणली. तिचे निकष तयार करायला २६२ डॉक्टर घेतले होते आणि त्यांनी मिळून ६० देशांत काम केलेलं होतं.

प्रत्यक्षात तुमच्यापुढे साधारण चार प्रकारची कामं येतात. मॉडेल जिथे अडखळेल असा प्रश्न रचून त्याचं बरोबर उत्तर रीतीसकट लिहिणं. दोन उत्तरांपैकी चांगलं कोणतं ते ठरवून कारण लिहिणं. मॉडेलने दाखवलेली रीत ओळीओळीने तपासणं. आणि रुब्रिक लिहिणं, म्हणजे उत्तर तपासण्यासाठी गुणांसकट निकषांची यादी करणं. पुढेमागे तुम्हाला दुसऱ्यांचं काम तपासणारा रिव्ह्यूअरही करतात.

"म्हणजे डेटा एन्ट्रीच ना रे?" असं माझ्या काकांनी विचारलं होतं. विद्यापीठाचे पेपर काढलेत आणि तपासलेत, तर त्याच्या जवळचं आहे हे.

२. तुम्ही यात बसता का, आणि तुम्हाला मुभा आहे का

पदवी लागतेच, पण खरी कसोटी वेगळी आहे. उत्तर चुकलंय हे ओळखणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. ते का चुकलं हे परक्या माणसाला पटेल असं चार ओळींत, इंग्रजीत लिहून दाखवणारे कमी. पैसे त्या चार ओळींचे असतात. प्लांटवर "अरे, हे असं नाही चालणार" म्हटलं की ऑपरेटर ऐकतो. इथे तसं चालत नाही.

मराठी आणि गुजराती भाषेचीही कामं निघतात. आपल्यातल्या कित्येकांचं घर मराठी आणि शाळा गुजराती माध्यमाची. तेव्हा घरात मराठी बोलतो म्हणून मराठी लेखनाची परीक्षा सहज पास होऊ असं धरून चालू नका. ऱ्हस्व-दीर्घ आणि विभक्तीची जोडणी तिथे बारकाईने बघतात. ज्या भाषेत तुम्ही हाताने निबंध लिहू शकता तीच भाषा अर्जात भरा.

आता मुभेचं. नोकरीत असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. बहुतेक कंपन्यांच्या पत्रात दुसरं काम न करण्याची अट असते, आणि "हे तर फ्रीलान्स आहे" ही सबब एचआरपुढे टिकत नाही. गुजरात सरकारच्या सेवेत असाल तर १९७१ चे वर्तणूक नियम लागू होतात आणि पूर्वपरवानगीशिवाय खाजगी काम घेता येत नाही. अनुदानित संस्थेतल्या शिक्षकांनी आपल्या संस्थेचे नियम विचारून घ्यावेत. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएंना त्यांच्या कायद्यातच दुसऱ्या व्यवसायावर बंधन आहे, त्यामुळे आधी इन्स्टिट्यूटकडून खात्री करून घ्या. परवानगी मागितली तर लेखी मागा आणि उत्तरही लेखी घ्या.

३. कागदपत्रं आणि सामान

अर्ज भरायला बसण्याआधी हे एका फोल्डरमध्ये ठेवा:

- पॅन आणि आधार, शक्यतो पासपोर्टही (परदेशी ओळख-तपासणीत पासपोर्ट पटकन चालतो)
- पदवीची प्रमाणपत्रं, स्वच्छ स्कॅन केलेली
- दोन पानांचा इंग्रजी बायोडेटा
- लिंक्डइनचं पान, बायोडेट्याशी जुळणारं
- बँक खात्याचा तपशील, आयएफएससी आणि स्विफ्ट कोडसकट
- लॅपटॉप, कॅमेरा, बरा माइक (नुसत्या मोबाइलवर हे काम होत नाही)

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नावावर. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर आडनाव शेवटी. कुठे वडिलांच्या नावाला कुणा कारकुनाने "भाई" चिकटवलेला असतो. बायकांच्या पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. परदेशातल्या यंत्राला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात. म्हणून खातं उघडताना पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच टाका आणि बँकेतही तेच आहे ना ते बघा. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा.

बायोडेट्यात "प्रोसेस इंडस्ट्रीचा दांडगा अनुभव" असली वाक्यं काढून टाका. कोणती युनिट चालवली, कोणती गणितं स्वतः केली, कोणत्या संहितेनुसार डिझाइन तपासलं, ते लिहा. विषय जितका अरुंद, तितकी तुमची निवड होण्याची शक्यता जास्त. "केमिकल इंजिनिअर" हजारो असतात. रिलीफ व्हॉल्व्हचं (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचं) सायझिंग करणारा, क्लोरीन हाताळलेला माणूस शोधावा लागतो.

४. नोंदणी, मुलाखत, परीक्षा

या धंद्यात स्केल एआयचं आउटलायर, मर्कोर, ट्युरिंग, लेबलबॉक्सचं अलाइनर ही नावं कानावर येतील. ती ओळखीसाठी दिली, शिफारस म्हणून नाही. अर्ज नेहमी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा. टेलिग्रामवरून आलेली लिंक उघडूच नका.

नोंदणीसाठी पैसे मागितले, "ट्रेनिंग किट" विकलं, आधी थोडी रक्कम भरा म्हणजे टास्क उघडेल असं सांगितलं, तर ती फसवणूक आहे. यात अपवाद नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते.

मुलाखत कित्येकदा माणूस घेत नाही, एआय घेतं. मर्कोरची पद्धत तशीच आहे. कॅमेऱ्यासमोर बसायचं, पलीकडून आवाज तुमच्याच बायोडेट्यावरून प्रश्न विचारतो. त्याला मान डोलावलेली कळत नाही, "तुम्हाला माहीतच आहे" चालत नाही. एक प्रकल्प निवडून ठेवा आणि अडचण काय होती, पर्याय कोणते होते, तुम्ही कोणता निवडला आणि का, हे सावकाश इंग्रजीत सांगण्याचा सराव करा. दार लावून घ्या. कुकरची शिट्टीही त्याला तुमचं उत्तर वाटते.

त्यानंतर विषयाची परीक्षा. ती बहुतेक ठिकाणी बिनपैशाची असते. तासाभराची असेल तर द्या. पूर्ण दिवस जाईल एवढी असेल आणि त्यात खरे वाटणारे प्रश्न रचून मागत असतील, तर सोडून द्या असं मी सांगेन. तयारीसाठी जीपीक्यूए नावाचा प्रश्नसंच वाचा. २०२३ मध्ये आलेले जीव, भौतिक आणि रसायनशास्त्राचे ४४८ प्रश्न. त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांना त्यात सुमारे ६५ टक्के मिळाले. विषयाबाहेरच्या हुशार लोकांना इंटरनेट मोकळं ठेवून आणि प्रत्येक प्रश्नाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ देऊन ३४ टक्के. गुगलवर शोधून न सापडणारा प्रश्न म्हणजे काय ते त्यातले दहा प्रश्न वाचले तरी उमगतं.

५. पहिलं टास्क: इथे वेळ घाला

हाती आलेली सूचनापत्रिका चाळीस-पन्नास पानांचीही असते. ती पूर्ण वाचा. आपल्याला विषय येतो म्हणून ती न वाचणारे अनुभवी लोकच पहिल्या आठवड्यात बाहेर पडतात.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी या लेखासाठीच बनवलं आहे, कुठल्याही प्रकल्पातलं नाही, कारण प्रकल्पातलं बाहेर सांगता येत नाही.

प्रश्न असा: हवेने भरलेली टाकी वातावरणाच्या दाबाला आहे, आत ऑक्सिजन २१ टक्के. शुद्ध नायट्रोजन सोडून प्रेशर गेज ४ बार दाखवेपर्यंत दाब वाढवायचा, मग परत वातावरणाच्या दाबापर्यंत सोडून द्यायचा. ऑक्सिजन १ टक्क्याच्या खाली यायला अशा किती फेऱ्या लागतील?

प्लांटवरच्या माणसाला यातली मेख दिसते. गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं, म्हणून गेजवरचे ४ बार म्हणजे निरपेक्ष (एकूण) दाब सुमारे ५ बार. दर फेरीला ऑक्सिजन पाचपट कमी होतो: २१ वरून ४.२, मग ०.८४. उत्तर दोन फेऱ्या. ज्याने गेजचा आकडाच निरपेक्ष दाब म्हणून धरला, त्याचं गणित २१, ५.२५, १.३१, ०.३३ असं जातं आणि उत्तर येतं तीन. मॉडेल अशा ठिकाणी घसरू शकतं, आणि घसरतानाही त्याची भाषा ठाम असते.

आता नवखा माणूस शेऱ्यात लिहितो: "पद्धत बरोबर नाही, अंतिम उत्तर चुकीचं." हा शेरा परत येतो. चालणारा शेरा असा: "पहिल्याच पायरीत गेजवरचे ४ बार हा निरपेक्ष दाब म्हणून घेतला. वातावरणाचा सुमारे १ बार मिळवायला हवा होता. त्यामुळे प्रत्येक फेरीचं गुणोत्तर १/५ ऐवजी १/४ झालं आणि दोनऐवजी तीन फेऱ्या आल्या. पुढचे गुणाकार बरोबर आहेत." चूक कुठल्या पायरीत, ती काय, तिच्यामुळे पुढे काय बिघडलं आणि काय शाबूत राहिलं, एवढं सगळं त्यात आहे.

रुब्रिकचंही तसंच. "उत्तर नीट समजावलं आहे" हा निकष बाद होतो, कारण दोन तपासणारे त्यावर दोन वेगळे गुण देतील. "गेज दाबाचं निरपेक्ष दाबात रूपांतर केलं आहे", "पहिल्या फेरीनंतरचं प्रमाण सुमारे ४.२ टक्के दिलं आहे", "अंतिम उत्तर २ फेऱ्या आहे" हे निकष टिकतात. एका निकषात एकच गोष्ट. विषय न येणाऱ्यालाही हो किंवा नाही सांगता आलं पाहिजे. अंतिम उत्तराला जास्त गुण, मांडणीला कमी.

एक वाद तुमच्या मनात येईलच. तीन फेऱ्या केल्या तर टाकी उलट जास्तच सुरक्षित झाली, मग इतकं ताणायचं कशाला? प्लांटवर मीही असंच म्हणेन आणि एक फेरी जास्त मारायला सांगेन. पण मॉडेलने ती काळजीपोटी वाढवलेली नसते. हीच गफलत रिलीफ व्हॉल्व्हच्या गणितात झाली तर चूक धोक्याच्या बाजूला पडू शकते. उत्तर सुदैवाने निरुपद्रवी निघालं म्हणून पूर्ण गुण देऊ नका.

आणि अवघड म्हणजे लांबलचक नव्हे. पाच प्रश्न एकत्र शिवून केलेलं गाठोडं रिव्ह्यूअर परत करतो. वर दिलेल्या प्रश्नासारखी एकच खरी खोच ठेवा, आवश्यक ते सगळे आकडे द्या, आणि उत्तर एकच निघेल याची खात्री करा. हवा आदर्श धरली का, नायट्रोजन शुद्ध आहे का, हे प्रश्नात लिहिलं नाही तर तुमचंच उत्तर वादात सापडतं.

६. हे कधीच करू नका

उत्तरं चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका. ओळखलं जातं, खातं बंद होतं आणि साठलेले पैसेही अडकतात. इंग्रजी सुधारायला वापरलं तरी काही प्रकल्पांत ते नियमाबाहेर असतं, म्हणून सूचनापत्रिकेत बघून घ्या.

जुन्या कंपनीचा हॅझॉप रिपोर्ट (प्लांटमधल्या धोक्यांचा अभ्यास), ड्रॉइंग, रुग्णाचे कागद, अशिलाचा ताळेबंद यातलं काहीही प्रश्नात वापरू नका. आकडे बदलून वापरलं तरी ओळखणारा ओळखतो. प्रश्न कोऱ्या कागदावरून रचा.

खातं भाड्याने मागणारे भेटतील: "तुमचं व्हेरिफिकेशन, काम आमची पोरं करतील, निम्मे-निम्मे." पॅन तुमचं, करार तुमच्या सहीचा. पुढे काहीही झालं तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

कंपनीच्या लॅपटॉपवर हे काम नको. काही प्रकल्पांत वेळ मोजणारं सॉफ्टवेअर पडद्याचे फोटो घेत असतं. त्या पडद्यावर तुमच्या मालकाचं ईमेल दिसलं तर दोन्हीकडून जाल. केमिस्ट्रीवाल्यांना कधी विषारी वायू, स्फोटकं अशा विषयांवरचं टास्क दिसेल. मनाला पटलं नाही तर ते वगळा, तशी सोय असते.

७. वेळ आणि वीज

प्रकल्पाच्या बैठका अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. नवरात्रात ही वेळ कुणाला जमणार ते तुम्हीच ठरवा! घेतलेल्या टास्कला घड्याळ लागलेलं असतं, वेळ संपली की लिहिलेलं जातं. म्हणून मजकूर आधी आपल्या फाइलमध्ये लिहा आणि मग चिकटवा (चिकटवायला बंदी असेल तर निदान मुद्दे तरी फाइलमध्ये असू द्या). ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा कित्येक भागांत वीज आणि नेट दोन्ही गेले होते. पावसाचा इशारा असताना जास्त वेळाचं टास्क हाती घेऊ नका. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं मोबाइल नेट एवढी सोय पुरते.

८. पैसे कसे येतात, किती उरतात

जाहिरातीतला मोठा दर बहुधा अमेरिकेतल्या माणसाचा असतो. तुमच्या करारात लिहिलेला आकडाच खरा. दर तासावर आहे की टास्कवर, टास्कला कमाल किती मिनिटं धरतात, परत आलेलं काम सुधारण्याचे पैसे मिळतात का, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारा. मग स्वतःचा हिशेब ठेवा. समजा तासाला २० डॉलर ठरले, दहा तासांचे पैसे मिळाले, पण सूचना वाचण्यात आणि परीक्षेत पाच तास फुकट गेले. तुमचा खरा दर १३ डॉलरच्या आसपास झाला. त्यातून पैसे पाठवणाऱ्या सेवेची फी आणि चलन बदलातली तूट वजा करा. ही तूट फीपेक्षा जास्त असू शकते, म्हणून बँकेत प्रत्यक्ष किती रुपये जमा झाले तेवढंच मोजा.

अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म भरायला सांगेल. घाबरू नका. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले करदाते रहिवासी नाही, एवढंच तो सांगतो. सही केलेल्या वर्षानंतरचं तिसरं वर्ष संपेपर्यंत तो चालतो.

बँक परदेशातून आलेल्या पैशाचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, विचारते. डेटा प्रोसेसिंगसाठी पी०८०३ आहे, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीसाठी पी०८०२. घरच्यांनी पाठवलेले पैसे म्हणून नोंद होऊ देऊ नका. प्रत्येक रकमेची परदेशी आवक पावती मागून ठेवा, जीएसटीत आणि प्राप्तिकरात तीच पुरावा आहे.

९. कर

हे उत्पन्न व्यवसायाचं आहे, पगाराचं नाही. पगारदारांनी नेहमीचा आयटीआर-१ भरला तर चुकेल, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ लागतो. इंजिनिअर, डॉक्टर, वकील, सीए अशा ठरलेल्या व्यवसायांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. जुन्या कायद्यात हे कलम ४४एडीए होतं. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. भाषेचं काम करणारे शिक्षक या यादीत बसतात का, ते सीएला विचारा. या सोयीत आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा असतो.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख. त्यात तुमची इथली कन्सल्टन्सीही धरली जाते. मर्यादा ओलांडलीत तर नोंदणी करा आणि दरवर्षी एलयूटी (निर्यातीसाठीचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर कर न भरता काम चालतं. शिवाय आपल्याकडे महापालिकेचा व्यवसाय वेरो (व्यवसाय कर) असतो. राज्यघटनेने त्याची कमाल वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे. रक्कम छोटी, पण विसरली जाते.

१०. काम अचानक थांबेल, त्याची तयारी

एका सकाळी पान उघडाल आणि टास्कची रांग रिकामी असेल. प्रकल्प संपला, ग्राहकाचं मन बदललं, दर कमी झाला. यातलं काहीही होतं आणि कारण सांगायला कुणी बांधील नसतं. मोठे ग्राहकही हलतात: जून २०२५ मध्ये मेटाने स्केल एआयमध्ये ४९ टक्के हिस्सा घेतला, त्यानंतर काही बड्या कंपन्या तिथून काम काढून घेत असल्याच्या बातम्या आल्या. नोकरी सोडून यात पडू नका. या पैशावर घराचा हप्ता बांधू नका. दोन ठिकाणी खाती ठेवा, मात्र दोन्ही करारांत त्याला मनाई नाही ना ते तपासा.

प्रकल्प बंद होतोय असं वाटलं की आधी शिल्लक काढून घ्या. मग कमाईचं पत्रक, करार आणि तासांची नोंद उतरवून घ्या. खातं बंद झालं की हे पानही बंद होतं, आणि जुलैमध्ये सीएने मागितल्यावर ते कुठूनच मिळत नाही. टास्कमधला मजकूर मात्र उतरवून ठेवू नका, तो गोपनीयतेच्या करारात येतो.